खरी गोळी कोणाची?

दवाखान्याच्या बाकड्यावर रोज रोज बसलं की गोठी अशा जमा होते, जशी एसटीच्या सीटखाली शेंगाची फोलकटं. टाकली कोणं, कोणी सांगत नाई, पण मोताळा येईपर्यंत पायाखाली ढीग. माया डोक्यात असा ढीग झाला हाय. बसा, आज झाडून काढतो.

आधी माणसं सांगून ठेवतो, नाई तं मधातच विचारसान, हा कोण बे.

वसंता मामा म्हणजे माया आईचा लहाना भाऊ. मोताळ्यात मलकापूर रोडवर त्याचं मोटर वायंडिंगचं दुकान. विहिरीतली मोटर जळाली की लोकं त्याच्याकडं आणते, मामा तांब्याची तार गुंडाळून तिले पुन्हा जिती करते. असा हुशार माणूस. पण मधात त्याले आवाज ऐकू यायले लागले. मोटरच्या आतून कोणी आपल्याच गोठी करून राह्यलं, असं म्हणे. डॉक्टरनं स्किझोफ्रेनिया सांगतला. गावात ते नाव कोणाच्या तोंडात बसत नाई, म्हणून लोकं कानाजवळ नुसता स्क्रू फिरवून दाखवते.

एक दिवस मामानं मामीचं रुखवतातलं मिक्सर उघडलं. आत कोण बोलते ते पाहायले. मामी दारात उभी, कडेवर चिमी, म्हणजे त्यायची पोरगी. मिक्सरचे पुर्जे सगळ्या घरात. मामी भांडली नाई, रडली नाई. तिनं सगळे पुर्जे एका लुगड्यात बांधले, चिमीले घेतलं अन अमडापूरले बापाच्या घरी गेली.

तवापासून आमच्या घरी दुसरा विषयच नाई. मामी वापस येईन का नाई, एवढंच.

* * *

मामाची गोळी मलकापूरच्या एका डॉक्टरकडं चालूच होती. थोडा फरक पडे, थोडा नाई. मंग डॉक्टर म्हणे, एका कंपनीची नवीन गोळी हाय, तिची ट्रायल चालू हाय. जुनी गोळी सोडायची नाई, ही तिच्यावरून घ्यायची. नातेवाइकाची सही आईची, कारण मी अजून अठराचा नाई. सोबत मात्र मी, कारण आईले कापूस वेचायले जा लागे, अन मी रिकामा. दहावीच्या गणितानं मले धरून ठेवलं हाय, मी बी त्याले सोडलं नाई.

पहिल्या दिवशी समोर कॅमेरा. या ट्रायलमध्ये माणूस हो म्हणते त्याचा व्हिडिओ काढा लागते. मामानं शर्टाची वरची गुंडी लावली, जसा आधार कार्डाचा फोटो हाय.

डॉक्टर म्हणे, "वसंतराव, अर्ध्या लोकांना खरी गोळी मिळेल. अर्ध्यांना तशीच दिसणारी साधी गोळी, तिच्यात औषध नाही. तुम्हाला कोणती, ते तुम्हाला कळणार नाही."

"तुमाले तं माहीत असंन?"

"मलाही नाही."

"या म्याडमले?"

म्याडम पुण्याच्या. ट्रायलचं सगळं त्याच पाहत. त्या म्हणे, "मलाही नाही, काका."

"मंग माहीत कोणाले हाय?"

"कॉम्प्युटरला," डॉक्टर म्हणे.

मामानं थोडा वेळ कॅमेऱ्याकडं पाह्यलं. मंग माह्याकडं वळला.

"अन लोकं म्हणते डोकं मायं खराब हाय."

व्हिडिओ चालूच होता. तो पुन्हा काढा लागला.

* * *

बाकड्यावर आमचा एक दोस्त झाला. इंगळे गुरुजी. झेडपीच्या शाळेत होते. हजेरी घेताना त्यायले भिंतीतून बी "हजर" ऐकू यायले लागलं, तशी नोकरी सुटली. आता मलकापुरात बहिणीकडं राहते. ते बी याच ट्रायलमध्ये.

मामा तिथं पोचला की म्हणे, "जयभीम गुरुजी."

"जयभीम वसंतराव. काय, खरी का खोटी?"

"कॉम्प्युटरले माहीत."

हे त्यायचं रामरामासारखंच झालं होतं. गुरुजीजवळ कायम एक स्टीलचा डबा राहे, त्यात बहिणीनं केलेला चिवडा. लय झकास चिवडा. मी अर्धा तं चिवड्यासाठीच जाओ.

एक दिवस मले राहवलं नाई. म्हटलं, "गुरुजी, खरी गोळी वळखाची आयडिया हाय. पाण्यात टाकायची. खरी तरंगते, खोटी बुडते. यूट्यूबवर हाय."

गुरुजीनं डब्याचं झाकण लावलं. मास्तर माणूस, पोट्ट्याच्या गोठीवर इश्वास कसा ठेवीन.

पुढच्या खेपेले म्याडम बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या मोजून राह्यल्या. हे प्रत्येक वेळी होये. म्हणे, "गुरुजी, एक गोळी कमी आहे. कुठे गेली?"

"पोहायला."

म्याडमचं बोट तिथंच थांबलं. "म्हणजे?"

"ग्लासात टाकली होती. आधी तरंगली. मग बुडली."

"मला काही समजलं नाही."

"मलाही नाही समजलं," गुरुजी म्हणे. "म्हणूनच तर दुसरी टाकली नाही."

मी तोंडात रुमाल कोंबून बसेल होतो. मामानं माह्या पाठीत असा गुद्दा घातला की रुमाल बाहीर.

* * *

डॉक्टरनं मामाले एक गोठ शिकवली होती. आवाज आला की घाबरायचं नाई, जवळच्या माणसाले विचारायचं, "हा आवाज तुले बी येते का?" तो हाव म्हणला तं आवाज बाहीरचा. नाई म्हणला तं सोडून द्यायचा.

मामानं ते असं पकडलं की आमच्या नाकात दम. कुकरची शिट्टी वाजली, "बाई, हा आवाज तुले बी येते का?" आई म्हणे, "येते बाप्पा, वरण शिजून राह्यलं." शेजारची बकरी, देवळातला भोंगा, भंगारवाल्याचा भोंगा, सगळ्याचं विचारे. गल्लीतले लोकं मामा दिसला की आधीच म्हणत, "येते, येते."

एकदा बस स्टँडसमोर उभे होतो. मागून लग्नाचा डीजे येऊन राह्यला. एवढा दणका की छातीतलं सगळं हालून राह्यलं. मामानं विचारलं, "हा आवाज तुले बी येते का?"

म्या एकदम गरीब तोंड केलं. "कोणता आवाज, मामा?"

मामानं माह्या डोळ्यात पाह्यलं. लय शांत. "तुले नाई येत?"

"नाई ना."

"बरं," मामा म्हणे. "मंग तू इथंच उभा राय. मी बाजूले होतो."

अन झाला बाजूले. म्या मागं पाह्यलं तं डीजेचा ट्रॅक्टर माह्या चपलीवर आलता. मी जशी उडी मारली, पार नालीत. वऱ्हाडातले सगळे हासले. नवरदेव बी हासला.

मामा वरून हात देऊन म्हणे, "आता येते का?"

* * *

दर खेपेले म्याडम आत बसवून प्रश्न विचारत. झोप कशी, भूक कशी, कोणी मागावर हाय असं वाटते का. मी पडद्याच्या इकडून ऐको. ऐकायचं नसते, पण पडदा म्हणजे काई भिंत नाई.

गुरुजीले इचारलं, "सफरचंद आणि केळं यांत सारखं काय आहे?"

गुरुजी म्हणे, "प्रश्न चांगला काढला. पण 'कारणे द्या' लिहायचं राहिलं."

मंग मामाचा नंबर. तवापर्यंत मामा सुधरून राह्यलता. दुकानाचं शटर उघडलं होतं. लोकं मोटरी आणून ठेवत, पण मामा वायंडिंग करताना दाराबाहीर उभे राहून पाहत, कान लावते का काय म्हणून. फक्त त्याचं तोंड कोरडं पडे अन बसमध्ये तो माह्या खांद्यावर डोकं टाकून झोपे. आई म्हणे, "असं होते म्हणजे गोळी खरीच हाय." तिनं तर देव बी पाण्यात ठेवले होते, गोळी खरी निघू दे म्हणून.

म्याडमनं इचारलं, "काका, कोणी तुमच्यापासून काही लपवतंय, असं वाटतं का?"

"हाव."

पडद्याआड पेन उचलल्याचा आवाज आला. "कोण लपवतंय?"

"तुम्ही."

"मी?"

"तुम्ही, डॉक्टर साहेब अन एक कॉम्प्युटर. कुठली तरी लांबची कंपनी हाय. ते मले रोज गोळी खायले लावते, अन तिच्यात काय हाय ते कोणी सांगत नाई."

म्याडम लिहायले लागल्या. मंग लिहिणं थांबलं. 

"काका, याचे मी आता किती मार्क देऊ?"

"खरं किती हाय ते पाहून द्या," मामा म्हणे.

बाहीर आल्यावर मी गुरुजीच्या डब्याले हात घातला. डबा हालला तं आत खुळखुळ वाजलं. मामा अन गुरुजी दोघं एकदम म्हणे, "संपला."

"मंग वाजते काय?"

"डबा," गुरुजी म्हणे.

* * *

अन एक दिवस म्याडमचा फोन. स्पीकरवर टाकला.

"काका, स्टडी थांबवली आहे. घाबरू नका, कोणाला काही अपाय झालेला नाही. त्यांनी मधेच सगळ्यांचं तपासून पाहिलं. खरी गोळी घेणारे आणि साधी घेणारे, दोघांत काही फरकच दिसला नाही. म्हणून बंद. तुमची जुनी गोळी मात्र अजिबात सोडायची नाही. तपासायला या."

आई म्हणे, "फरक कसा नाई? माया भाऊ सहा मोटरीत तार भरून राह्यला ना!"

"ताई, एकट्याचं नाही बघत. सगळ्यांचं मिळून बघतात."

मामा इचार करून म्हणे, "म्हणजे मी पास अन वर्ग नापास?"

"तसंच काहीसं."

हे मले अजून पटलं नाई. आमच्या शाळेत कायम वर्ग पास अन मीच नापास. त्याच्यापायी कोणं शाळा बंद केली नाई.

दुसऱ्याच दिवशी अमडापूरहून मामीच्या बापाचा, म्हणजे आबाचा फोन. आबा म्हणजे शब्द तोलून बोलणारा माणूस.

"ऐकलं म्या. आता मायं सरळ हाय. वसंतची गोळी खरी असंन, तं तो गोळीवर बरा झाला. ते गोळी आता बंद. म्हणजे पुन्हा मिक्सर उघडलं जाईन. खोटी असंन, तं तो आपल्या जोरावर अन जुन्या गोळीवर बरा हाय, ते टिकंन. खोटी निघाली तं लेकीले पाठोतो. खरी निघाली तं नाव काढू नका."

फोन ठेवला. आई देवघराकडं पाहून राह्यली. म्या म्हटलं, "आता?"

"आता काय," आई म्हणे, "उलटं मागा लागंन."

अन खरंच बसली हात जोडून. देवा, खोटी निघू दे. देव बी चक्रावला असंन. मामा कोपऱ्यात मोटरचं आर्मेचर घासून राह्यलता. 

* * *

कोणाची गोळी कोणती, ते सांगायले सगळ्यायले एका दिवशी बलावलं. आई आली, कापूस सोडून. गुरुजी आले, डबा घेऊन. डॉक्टर, म्याडम, आम्ही. आईनं फोन हातातच धरेल, अमडापूरचा नंबर काढून.

म्याडम म्हणे, "गुरुजी, तुमची खरी होती. वसंतकाका, तुमची साधी."

आईनं टाळी वाजवली. "खोटी! खोटी निघाली वं माय!" मलकापुरात एवढ्या आनंदानं कोणं खोटी गोळी घेतली नसंन. ती फोन लावून राह्यली, तेवढ्यात गुरुजी खाकरले. वर्गात कोणी कॉपी करताना दिसलं की मास्तर खाकरते, तसे.

"ताई, थांबा. वसंतराव, सांगायचं का?"

मामा म्हणे, "सांगा लागंन."

गुरुजीनं चिवड्याचा डबा टेबलावर ठेवला.

"वसंतरावांचं तोंड कोरडं पडायचं, झोप यायची. मला काहीच होत नव्हतं. मी समजलो, त्यांची खरी, माझी खोटी. माझं मन खचलं. बहिणीला म्हटलं, मी आता जात नाही. तर हे म्हणाले, गुरुजी, दोन्ही बाटल्या डब्यात ओतू. हालवू. मग मोजून अर्ध्या अर्ध्या घेऊ. दोघांनाही थोडी खरी येईल."

म्याडम खाली बसल्या. खुर्ची होती म्हणून बरं. "कधीपासून?"

"दुसऱ्या खेपेपासून."

"दर वेळी?"

"हो. आधी चिवडा काढून डबा धुवायचो," गुरुजी म्हणे. जसं त्यानं सगळं ठीक होते.

मले तवा समजलं, माया चिवडा कशापायी बंद झालता.

डॉक्टरनं चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मंग दोघायले असे झापले की बाकड्यावरचे बाकी पेशंट उठून उभे राह्यले. दुसऱ्याची गोळी खाणं म्हणजे काय, काई झालं असतं तं काय, सगळं. दोघं मान खाली घालून उभे. गुरुजीले अशी मान खाली घालायची सवय नसंन, ते मधात मधात माह्याकडं पाहत, आपलं बरोबर जमून राह्यलं का म्हणून.

डॉक्टरचा दम सरला तसं गुरुजीनं हळूच इचारलं, "साहेब, आमच्यामुळे तर नाही ना बंद पडली? सगळीकडची?"

"नाही हो. एवढ्या गावांत एवढे पेशंट. तुम्ही दोघं मिसळल्यानं काय होतंय."

अन डॉक्टरनं एकदम बाहीरच्या बाकड्याकडं पाह्यलं. म्याडमकडं पाह्यलं. म्याडमनं त्याच्याकडं पाह्यलं.

"बाकीच्या ठिकाणी," डॉक्टर म्हणे, "बाकडं असंच आहे का?"

म्याडम म्हणे, "सर, बाकडं तर सगळीकडे असतं."

* * *

आता शेवटची.

आई फोन घेऊन बाकड्यावर बसली. लावावा का नाई. खोटी सांगावं तं खोटं, खरी सांगावं तं बी खोटं. मी म्हटलं, "सांग ना आई, खोटी होती म्हणून. कॉम्प्युटर तेच म्हणते. डब्याची गोठ अमडापूरले कोण सांगते?"

आईले ते पटून राह्यलं होतं. मले दिसलं.

मामानं तिच्या हातातून फोन घेतला अन स्वतःच लावला. फोन मामीनं उचलला. किती महिन्यानं मामा तिच्याशी बोलून राह्यलता. स्पीकर चालूच होता, मी काई बंद करायले सांगतलं नाई.

मामानं सगळं सांगतलं. कॉम्प्युटर काय म्हणते ते, अन डबा.

मामीनं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणे, "म्हणजे तुम्ही खरी खाल्ली का खोटी?"

"दोन्ही. कोणत्या दिवशी कोणती, ते कोणालेच माहीत नाई. आता कॉम्प्युटरले बी नाई."

"अन हे डब्यात ओतायचं डोकं कोणाचं?"

"मायं."

"तुमाले वाटत होतं तुमची खरी हाय?"

"हाव."

"अन त्यायची खोटी?"

"हाव."

"तरी अर्धी देल्ली?"

मामा म्हणे, "त्यायनं येणंच बंद केलं असतं."

 मामानं फोन डोळ्यासमोर धरून पाह्यला, कट झाला का. नाई झालता. मंग मागून आबाचा आवाज आला, "काय म्हणते? खरी का खोटी?" अन मामी म्हणे, "आबा, थांबा तुम्ही." अन फोन कट.

आई म्हणे, "गेलं."

आम्ही तिघं मोताळ्याच्या बसमध्ये बसलो. मामा झोपला बी नाई.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी दुकानात बसेल होतो. मामा एका मोटरमधी डोकं घालून. समोर बाजाराची गर्दी, त्यातून चिमी पळत आली अन मामाच्या पाठीले चिकटली. मागून मामी. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात गाठोडं. आबा नाई, कोणी नाई.

मामा उठला. हाताले ग्रीस, म्हणून चिमीले धरावं का नाई, त्याले समजून नाई राह्यलं.

मामीनं गाठोडं टेबलावर ठेवून सोडलं. तेच लुगडं. आत मिक्सर, अमडापूरच्या कोणत्या तरी मिस्त्रीनं कसंबसं जोडलेलं.

"लय आवाज करते हे," मामी म्हणे. "पाहा बरं."

 गल्लीतले दोघं तिघं दारात येऊन उभे राह्यले.

मामानं पिन लावली. बटण दाबलं. मिक्सर असं घरघरलं की टेबलावरचे नट-बोल्ट नाचायले लागले. मामानं मान वाकडी केली, कान जवळ नेला. मंग मामीकडं पाह्यलं अन सवयीनं इचारलं,

"हा आवाज तुले बी येते का?"

मामी वाकली. तिनं बी कान जवळ नेला. बराच वेळ तसाच ठेवला.

"हाव," म्हणे. "मले बी येते."

मामानं बटण बंद केलं. "बेअरिंग गेलं हाय. टाइम लागंन."

मामीनं पिशवी आत नेऊन ठेवली.

"लागू द्या," म्हणे.